चिकटलेली पानं

बर्फाच्या कारखान्यात पुस्तकं ठेवत नाहीत,
हे मला फार उशिरा कळलं.

देवगडच्या जेटीवर, डिझेलच्या पंपाला लागून
पत्र्याची एक खोली होती,
कॉम्प्रेसर सुरू झाला की थरथरणारी.
तिथं मुकादमचाचा लाद्यांचा हिशेब लिहीत:
'जयंती' बारा, 'मरियम' वीस, उधार.
त्यांच्या पाठीमागच्या फळीवर, नटबोल्टांच्या डब्यांशेजारी
एकोणतीस पुस्तकं.
मी मोजली होती. बाबांच्या लाद्या फुटून होईपर्यंत
दुसरं काय करणार.

"ने," ते म्हणाले, "पण मासळीचे हात लावू नकोस."
हात मासळीचेच होते. दुसरे नव्हते.

एका पुस्तकात बर्फ पडत होता,
कुठल्याशा थंड देशात, पानंच्या पानं, थांबेचना.
मला बर्फ माहीत होता:
क्रशरच्या तोंडातून खडखडत येणारा,
घमेल्यानं भरायचा, बांगड्यांवर पसरायचा.
म्हणून त्या सरदाराची घोडागाडी
माझ्या लेखी कायम जेटीवरूनच गेली,
आणि बर्फात मरून पडलेल्या कोवळ्या शिपायाला
बांगड्यांचा वास येत राहिला.
अजून येतो.

वाळवंट लागलं तेव्हा तांबळडेगची पुळण वापरली, ओहोटीची.
खुनाचा तपास कस्टमच्या बंद चौकीत लागला.
राजकन्येला कोंडायला जागाच सापडेना,
शेवटी तिला पतपेढीच्या माडीवर ठेवलं.
तिथं निदान पंखा होता.

दमट हवेनं काही पानं एकमेकांना धरून बसलेली.
ओढली तर फाटत.
चाचा म्हणत, राहू दे, दोन पानांनी काय बिघडतं?
बिघडायचं.
एकशे अकराव्या पानावर ती दाराबाहेर उभी,
एकशे चौदाव्यावर तिच्या हातात चावी.
मधल्या जागेत मी शाळेपर्यंत चालायचे, रोज,
तिला कुणाकुणाच्या चाव्या देत.
एकदा पवनचक्क्यांकडे बघत बघत
थेट गटारात.

त्या वर्षी 'जयंती'च्या नावावर
चाचांनी रेघ ओढली, उधारीसकट.

सातवीत मी पहिली गोष्ट लिहिली,
लाद्यांच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर.
तिच्यात भागीकाकी कोयंड्यांचा नवरा परत आला.
संध्याकाळचा, खांद्यावर टॉवेल,
जसा काही तळेबाजारला जाऊन आलेला.
जाळी विणणाऱ्या बायांत बसून मी ती वाचून दाखवली.
मोठ्यानं. बारा वर्षांची अक्कल.

सुया थांबल्या.
आई माझ्याकडे बघेना.
भागीकाकीनं धागा दातानं तोडला,
"मगे? इल्यार जेवलो काय तो?"

मी ते लिहिलं नव्हतं.
जेवला, म्हटलं.
"काय?"
पेडव्यांचं तिखलं.
"त्याका पेडवे आवडणत नाय,"
ती म्हणाली, आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.
बऱ्याच वेळानं, जाळ्याकडेच बघत,
"मोरी लिही. मोरीचा मटण."

आता संपादक विचारतात,
कथेत माणसं इतकी जेवतात कशाला,
हे दीड पान कापूया का?
मी मरण कापू देते, पाऊस कापू देते,
एकदा तर अख्खा नायक.
ताट नाही.

परवा शहरातल्या एका दुकानात
चाचांकडचंच ते पुस्तक दिसलं, दुसरी प्रत.
कोरडी. सगळी पानं सुटी.
उभ्या उभ्याच एकशे बारा, एकशे तेरा वाचली.
चावी शेजारणीची होती.
शेजारीण गावाला गेली होती आणि झाडांना पाणी घालायचं होतं.
बस, एवढंच.

पैसे देऊन पुस्तक घरी आणलं.
दुपारी जेवताना
भाताची चार शितं
ताटाच्या कडेला काढून ठेवली.